भिंत बुजवण्याआधी एक रात्र थांबा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी गुहागर तालुक्यातल्या एका खेडेगावात राहते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. घरात मी आणि ८८ वर्षांच्या सासूबाई. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. हे पत्र आमच्या माजघराच्या एका भिंतीबद्दल आहे. एका घराची भिंत ती काय, असं कुणाला वाटेल. पण यंदा गणपतीत आरतीला ज्या ज्या घरी गेले, तिथे ‘आमच्याकडेही अस्संच झालं’ म्हणणारं कुणी ना कुणी भेटलं. म्हणून लिहिते.

आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, सासऱ्यांनी १९६८ साली बांधलेलं. १९९४ मध्ये माजघराला लागून आत न्हाणी केली, तेव्हा भिंतीत जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप घातला होता. खाऱ्या वाऱ्याचा गाव. बाहेरचं लोखंड गंजताना डोळ्यांना दिसतं, भिंतीतलं कळत नाही. दोन वर्षांपूर्वी सकाळचं पहिलं पाणी तांबूस यायला लागलं आणि हळूहळू धार करंगळीएवढी झाली. सासूबाईंच्या अंघोळीसाठी बंब पेटवून बालद्या उचलणं आता माझ्याच्याने होत नाही. मुलाने गीझर घेऊन दिला. टाकीपासून न्हाणीपर्यंत थंड पाण्याची नवी लाइन आणि गीझरपासून नळापर्यंत गरम पाण्याची, एवढंच काम होतं. पावसाआधी उरकायचं ठरवलं.

पण प्लंबर मिळेना. सहा जणांना फोन केले. दोघे रिसॉर्टच्या साइटवर होते, एकाने स्पष्ट सांगितलं की दोन नळांसाठी एवढ्या लांब येणं परवडत नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. किनाऱ्याने होमस्टे आणि रिसॉर्ट उभे राहतायत, तिथे एका जागी वीस-वीस बाथरूमचं काम मिळतं. हाताला काम आहे, पोरं गावात राहतायत, ही चांगलीच गोष्ट आहे.

शेवटी जो आला तो माझाच विद्यार्थी निघाला. पहिली ते चौथी माझ्या वर्गात होता. दारातून ‘बाई’ म्हणून हाक मारली आणि वाकून नमस्कार केला, तेव्हा मला फार बरं वाटलं. मुंबईला न जाता गावात राहून धंदा करणारा मुलगा! त्याने भिंत बघितली, टाकी बघितली. म्हणाला, “बाई, दोन दिवसांचं काम. सामानासकट चौदा हजार.” ८,००० रुपये आगाऊ दिले. सामान त्यानेच शृंगारतळीहून आणलं. बिल मी मागितलं नाही. आपल्या मुलाकडे बिल काय मागायचं, असं वाटलं.

दोन दिवसांचे आठ दिवस झाले. एक दिवस यायचा, दोन दिवस नाही. मशीन लावून त्याने पाइप बसवायला चिऱ्यात झिरी, म्हणजे लांब खाच, मारली. सगळ्या घरात तांबडी धूळ, सासूबाईंच्या देवांवरसुद्धा. १९ मे रोजी दुपारी साडेतीनला पाइप जोडून झाला. चारला सिमेंट कालवून त्याने झिरी बुजवायला घेतली, साडेपाचला नळ सोडून दाखवला. धार जोरात आली, मी उरलेले ६,००० रुपये दिले आणि त्याला चहा केला. पाइप जोडला आणि अर्ध्या तासात भिंतीआड गेला, एवढं ध्यानात ठेवावं. पुढचं सगळं त्या अर्ध्या तासात आहे.

यंदा, २०२५ साली, पाऊस मे महिन्यातच आला. २५ तारखेला मान्सून कोकणात दाखल झाल्याचं जाहीर झालं. २८ तारखेला माजघराच्या भिंतीवर, खाटेच्या डोक्याशी, ताटाएवढा ओला डाग दिसला. फोन केला. तो म्हणाला, “बाई, पावसाचं पाणी असेल. वरची कौलं बघून घ्या.” मला पटलं. जांभा पाणी पितो हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. कौलं शाकारणाऱ्याला बोलावलं, त्याने दोन फुटकी कौलं बदलली, त्याची मजुरी गेली. डाग परातीएवढा झाला.

मग मी वर्गात मुलांना सांगायचे तेच केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. जूनमध्ये पावसाची झड लागली होती, तेव्हा टाकीचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवला आणि न्हाणीचं पाणी विहिरीवरून ओढून आणलं. बाहेर धो धो पाऊस आणि आत डागाची कड सुकायला लागली. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह सोडला, गीझर लावला, सासूबाईंची अंघोळ झाली. त्यानंतर भिंतीला तळहात लावला तर ती ऊन लागली. तापलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावावा तशी. पावसाचं पाणी ऊन नसतं.

हे त्याला फोनवर सांगितलं. “उद्या येतो बाई.” माझ्या वहीत तारखा आहेत. जून ते ऑगस्ट मी त्याला ११ फोन केले. पाच वेळा ‘उद्या’, दोनदा ‘सोमवारी नक्की’, एकदा ‘मजुराला पाठवतो’, तीनदा उचललाच नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या आईला बाजारात भेटले. ती माउली एवढी ओशाळली की मलाच कसंतरी झालं. सासूबाईंची खाट ओटीवर हलवावी लागली. हे घर बांधल्यापासून त्या माजघरातच झोपतात. ओटीवर त्यांना झोप येईना, रात्री उठून भिंत चाचपत त्या जुन्या जागेकडे जायच्या. पैसे गेले ते गेले. पण एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच घरात परकं व्हावं लागलं, ते मला अजून सोसत नाही.

२७ ऑगस्टला गणपती आले. घरात चौदा माणसं, आणि गरम पाणी चुलीवर. शेजारच्या घरचे एक भाऊजी मुंबईहून आले होते. पंचवीस वर्षं त्यांनी मुंबईत इमारतींच्या प्लंबिंगचं काम केलं आहे. डाग बघून त्यांनी विचारलं, “वहिनी, लाइन बुजवायच्या आधी टेस्ट केली होती का?” टेस्ट म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन ते स्वतःच आले आणि मशीन न लावता हळूहळू झिरी उकरली.

आत जे दिसलं ते मी चष्मा लावून, टॉर्च धरून बघितलं. गरम पाण्याच्या लाइनला थंड पाण्याचा साधा पांढरा पाइप वापरला होता. तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. दोन आधारांच्या मधे तो वाकून खाली आला होता. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा पाइप लागतो, फिकट पिवळसर रंगाचा. तो ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो आणि त्यावर आय. एस. १५७७८ असा मानक क्रमांक छापलेला असतो. हा आकडा मी मुद्दाम लिहिते. दुकानात उभं राहून कुणीही वाचू शकतं.

दुसरी चूक एल्बोची, म्हणजे पाइप वळतो तिथल्या काटकोनी जोडाची. भाऊजींनी जोड कापून माझ्या हातात दिला. पाइप एल्बोत पुरता गेलाच नव्हता, अर्ध्यावर थांबला होता. सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा डिंक, बाहेरून लोण्यासारखं थापलेलं, आत कोरडं. मग त्यांनी नवा तुकडा घेऊन मला दाखवलं. आधी पाइप सरळ कापायचा, कडेची कुसं काढायची. पाइप एल्बोत किती आत जातो ते मोजून पेन्सिलीने खूण करायची. सोल्युशन पाइपला बाहेरून आणि एल्बोला आतून लावायचं, खुणेपर्यंत दाबायचं, दाबताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवायचं, नाहीतर पाइप आपोआप मागे सरकतो. त्या अर्ध्या मिनिटात ते काही बोलले नाहीत, फक्त हाताकडे बघत होते. नळ बसतो तिथे आतून पितळी आटे असलेला एल्बो लावला. आधीचा नुसता प्लॅस्टिकचा होता, नळ आवळताना त्याला केसासारखी चीर गेली होती.

जुनी लाइन काढण्यापूर्वी मी त्या एल्बोखाली लिटरभराचा तांब्या धरून घड्याळ लावलं होतं. बारा मिनिटांत भरला. म्हणजे तासाला ५ लिटर, दिवसाला १२०. घरोघर नळाने पाणी देण्याच्या सरकारी जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. दोन माणसांचं दिवसाचं पाणी आमची भिंत पीत होती. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो आणि वरच्या वाडीत बायका टँकरची वाट बघत कळश्या मांडून बसतात, त्या गावात हे चाललं होतं.

आणि ती टेस्ट. नळांच्या जागी भाऊजींनी प्लग लावून तोंडं बंद केली, जोड रात्रभर वाळू दिले. सकाळी टेस्टच्या छोट्या हातपंपाने लाइनमध्ये पाण्याचा दाब भरला, दाब दाखवणाऱ्या घड्याळासारख्या काट्याकडे बघितलं आणि प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधली. आपल्याच दैनिकाचे जुने अंक होते. थेंबभर पाणी आलं तरी कागद काळा पडतो. झिरी उघडीच ठेवून घरातली माणसं त्या रात्री आरतीला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी काटा जागेवर होता आणि सगळ्या पट्ट्या कोरड्या. मगच सिमेंट कालवलं. सामान ३,८५० रुपयांचं, पावतीसकट. मजुरी ते घेत नव्हते, गणपतीसमोर बसवून २,००० रुपये हातात ठेवले.

मी त्यांना विचारलं, “त्या मुलाने फसवलं का मला?” ते म्हणाले, “फसवलं नाही, वहिनी. त्याला कुणी शिकवलंच नाही.” साइटवर सहा महिने हाताखाली राहायचं, पाइप कापून द्यायचे, आणि एक दिवस स्वतःची मशीन घेऊन प्लंबर व्हायचं, असं चाललंय. तरी मला पूर्ण पटत नाही. पाइप चुकला, समजू शकते. फोन न उचलणं हे न शिकवल्यामुळे होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, पैसे देऊन घेतलेली सेवा त्यात येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते, हे सगळं मुलाने मला समजावलं. पण माझ्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नाही. आणि असती तरी ज्याला मी बाराखडी शिकवली त्याच्यावर दावा लावायला माझा हात उठला नसता. खेड्यात बहुतेकांचं असंच होतं. ओळखीने काम देतो आणि ओळखीमुळेच बोलत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीने गावात काम करणाऱ्या प्लंबरांची नावं, फोन आणि कुठे शिकले एवढं फलकावर लावावं. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण धंद्याला लागलेला मुलगा वर्षभर कसा जाणार? त्याच्यासाठी पावसाळ्यात, साइट बंद असताना, तालुक्याच्या गावी पंधरा दिवसांचा वर्ग घ्या. जलजीवन मिशनमध्ये ‘नल जल मित्र’, म्हणजे गावातली नळयोजना सांभाळणारे शिकलेले कारागीर, तयार करण्याची योजना आहे. त्यात या मुलांना आधी घ्या. आमच्या भाऊजींसारखी निवृत्त होऊन गावी परतणारी माणसं शिकवायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. आणि गृहिणींना माझं कळकळीचं सांगणं की भिंत बुजवण्याआधी एक रात्र थांबा, जोडांना कागद बांधा, आणि कुठला पाइप वापरला ते कारागिराकडून वहीच्या पानावर सहीनिशी लिहून घ्या. त्यात त्याचा अपमान नाही. मी मुलांच्या वहीवर तारीख घालून सही करत असे, ती केलेल्या कामाचीच सही होती.

त्या मुलाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, गावात कुणाला सांगणारही नाही. त्याच्या घरी आपलं दैनिक येतं. तो हे वाचेल तर त्याला एवढंच सांगायचं आहे: तो कापलेला एल्बो, वाकलेला पाइप आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या मी माजघरातल्या देवळीत ठेवल्या आहेत. पैसे परत नकोत. भिंत अजून ओलसर आहे, गिलावा दसऱ्याला करणार आहे. त्याच्या आधी एकदा येऊन बघून जा, बाळा. सासूबाईंची खाट परत जागेवर लावायची आहे, तिला एका बाजूने हात द्यायला माणूस हवाच आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी