टिंबक्टूच्या पेट्या वाहून नेणाऱ्यांना

टिंबक्टू आणि बामाको इथले ग्रंथपाल, गाडीवान, ड्रायव्हर, नावाडी आणि स्वतःच्या घरात पेट्या ठेवून घेणारी सर्व कुटुंबं यांना,

सप्रेम नमस्कार.

जुन्या पोथ्या आणि दप्तरं सांभाळणाऱ्यांकडून हे आभाराचं पत्र आहे. टिंबक्टूची जुनी हस्तलिखितं सशस्त्र गटांच्या तावडीतून गुपचूप बाहेर काढण्याच्या तुमच्या धाडसाबद्दल जगभर लिहून आलं. तुम्ही काम कसं केलंत, यासाठीही तुमचे आभार मानायला हवेत.

एप्रिल २०१२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा उत्तर भाग, टिंबक्टूसह, सशस्त्र गटांच्या हाती गेला. ३० जूनला टिंबक्टूतल्या संतांच्या कबरींवरच्या मातीच्या वास्तू कुदळींनी फोडायला सुरुवात झाली. ज्या कट्टरपंथीयांना कबर खुपते त्यांना सूफी काव्य, ज्योतिष आणि औषधांवरची हस्तलिखितंही खुपणार, हे अगोदरच ओळखून तुम्ही आधी सगळ्यांना ठाऊक असलेली ग्रंथालयं रिकामी केलीत. टिंबक्टूचे ग्रंथपाल अब्देल कादर हैदारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री ट्रंका भरल्या आणि गाढवांच्या गाड्यांवरून त्या घरोघरी पोचवल्या. संग्रह एकत्र ठेवणं हे एरवी आमच्या कामातलं पहिलं सूत्र. पण लढाईत ते उलटं फिरतं, कारण एका धाडीत सगळं जाऊ शकतं. साठा विखुरला की कोणती पेटी कोणाकडे आहे याची नोंद मात्र हवीच, नाहीतर वाचवलेली पोथीही हरवल्यातच जमा होते. आणि तीच यादी चुकीच्या हाती पडली तर माणसांच्या जिवावर बेतते. ही जोखीम तुम्ही महिनोन्‌महिने वागवलीत.

ट्रंका पत्र्याच्या निवडल्यात हे योग्यच झालं. लाकडाला वाळवी लागते. बाजारातल्या ट्रंका संपल्यावर तेलाच्या पिंपांचा पत्रा ठोकून तुम्ही नव्या करून घेतल्यात. सगळ्या मिळून सुमारे अडीच हजार पेट्या झाल्या. हस्तलिखितांचा आकडा साडेतीन लाखांच्या वर सांगतात आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहे. सुटं पान एक धरायचं की पूर्ण ग्रंथ, यावर मोजणी बदलते, म्हणून त्या वादात आम्हाला फारसा रस नाही.

भरणं कसं जमवलंत, याचं आम्हाला जास्त अप्रूप आहे. तुमच्याकडची पुष्कळ हस्तलिखितं शिवलेली नसतात. सुटी पानं आणि वर चामड्याचं वेष्टण, एवढंच. आमच्याकडेही पोथीची सुटी पानं दोन फळ्यांमध्ये धरून बासनात बांधतात, त्यामुळे यातली मेख आम्हाला लगेच कळते. बासनाच्या गाठीने पानं घट्ट धरली जातात. सैल झालेल्या चामड्याला तशी पकड नसते. ट्रंकेत मोकळी जागा राहिली तर प्रत्येक खड्ड्याला पानं एकमेकांवर घासतात आणि कडांचा भुगा होतो. ठासून भरलं तर वाळवंटात कडक झालेलं चामडं घडीवर मोडतं. पानं मिसळली तरी एक आधार असतो: पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिण्याची तुमच्या लेखकांची जुनी रीत. आमच्या पोथ्यांत हे काम समासातला पत्रांक, म्हणजे पानाचा क्रमांक, करतो.

मग पेट्या सरकारच्या ताब्यातल्या दक्षिणेकडे, राजधानी बामाकोला न्यायच्या ठरल्या. हा रस्ता सुमारे हजार किलोमीटरचा. एका हद्दीत बंडखोरांची नाकी, पुढे सैन्याची, आणि कुलूपबंद ट्रंकेचा संशय दोघांनाही. जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच फौजा उतरल्या आणि रस्ता बंद झाला, तेव्हा पेट्या नायजर नदीने निघाल्या. पाण्याशी कागदाची इतकी जवळीक आम्हाला विचारातही सोसत नाही. एका नावेत मोजक्याच पेट्या ठेवायच्या, म्हणजे एक नाव बुडाली तरी संग्रह बुडत नाही, हा तुमचा हिशोब आम्ही आता इतरांनाही सांगतो. त्याच महिन्यात पळून जाणाऱ्या बंडखोरांनी टिंबक्टूतल्या सरकारी हस्तलिखित संग्रहाच्या, अहमद बाबा संस्थेच्या इमारतीत चार हजारांच्या आसपास हस्तलिखितं जाळली किंवा नेली. ती गेली, याचं दुःख आहेच.

पण आगीतून काढलं की काम अर्धंच होतं. बामाकोत जून ते सप्टेंबर पाऊस असतो. शतकानुशतकं कोरड्या हवेत राहिलेला कागद तिथे ओल शोषतो, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. वाळवीपासून वाचवणारी पत्र्याची पेटी इथे उलटते, कारण ओल आत कोंडते. त्यात लोहयुक्त शाई मुळातच आम्लधर्मी, ती ओलीने कागद आणखी वेगाने खाते. आधी अक्षरांभोवती तपकिरी वलय दिसतं, मग अक्षराच्याच आकाराचं भोक पडतं.

म्हणूनच बामाकोत पुढची वर्षं झालेल्या कामाला आम्ही नदीवरच्या प्रवासाइतकाच मान देतो. बुरशी लागलेलं आधी वेगळं काढायचं. उन्हात न ठेवता सावलीत, हळूहळू कोरडं करायचं. मास्क लावून मऊ ब्रशने एकेक पान झाडायचं. ओलं फडकं लावायचं नाही, बुरशी त्याने आणखी पसरते. मग लांबी, रुंदी आणि जाडी मोजून प्रत्येकासाठी आम्लरहित पुठ्ठ्याचा स्वतंत्र डबा करायचा, नोंद करायची आणि छायाचित्रं घ्यायची. जर्मनीतलं हॅम्बर्ग विद्यापीठ आणि अमेरिकेत मिनेसोटातलं हिल हस्तलिखित ग्रंथालय यांनी साथ दिली, पण रोजचं झाडणं-मोजणं तुमच्याच हातांनी झालं. या कामाच्या बातम्या होत नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये अहमद बाबा संस्थेच्या हस्तलिखितांची पहिली खेप विमानाने टिंबक्टूला परतली. दमट हवेला सरावलेलं चामडं एकदम कोरड्यात उघडलं तर तडकतं. पेट्या काही दिवस बंदच ठेवून त्यांना तिथली हवा हळूहळू मानवू द्यावी लागते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्या पेट्या उघडणाऱ्या हातांनाही आमचा नमस्कार पोचवा.

आपले ऋणी,
पोथ्या आणि दप्तरं सांभाळणारे आम्ही