रकान्यातली आडवी रेघ

सोलापूर,
२३ जानेवारी

प्रिय बाळ्या,

तुझा माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म मिळाला. नाव, बॅच, पत्ता सगळं नीट भरलंस आणि ‘उल्लेखनीय कामगिरी’ या रकान्यात सरळ आडवी रेघ मारलीस. वर मेसेज टाकतोस, ‘डाळिंब विकतो लगा, त्यात काय उल्लेखनीय?’ फोनवर चार शिव्या घालून विषय मिटवला असता, पण तू फोनवर नेहमी बागेत असतोस आणि बागेतल्या माणसाला ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. रात्री जेवण झालं की सावकाश वाच.

झालंय असं, की यंदा आमच्या एमबीएच्या संस्थेच्या वार्षिक अहवालातलं यशाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी असे तीन भाग. वाटलं होतं, ऑफिसातून फायली आणायच्या, फोटो चिकटवायचे, मोकळं व्हायचं. पण जसजसं गोळा करायला लागलो तसतशी गंमत दिसायला लागली. ज्या कामाकडे बघून मला मनापासून वाटतं की व्वा, ते आमच्या तक्त्यात कुठंच बसत नाही. आणि जे बसतं ते वाचून जांभई येते.

विद्यार्थ्यांपासून सुरू करतो. एका पोराला बाहेरच्या विद्यापीठातल्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत दुसरा नंबर, दोघी जणी सेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास, युवा महोत्सवात मूकनाट्याला ढाल. चांगलंच आहे, पोरांनी मेहनत केलीय. मग येतं प्लेसमेंटचं पान. त्यात पुणे, पुणे, हैदराबाद, पुणे. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे जाणाऱ्या कुठल्याही गाडीत डोकाव, आपले निम्मे माजी विद्यार्थी तिथेच भेटतील. पॅकेजचा आकडा असा छापतात की वाचणाऱ्याला वाटावं, पोरगं महिन्याला तेवढं घरी आणतं. त्यातला ‘व्हेरिएबल’ म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किती आणि हातात किती, हे त्या पोराच्या आईलाच ठाऊक.

यामागचं कारण तुला सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील आमचे साहेबच खुळे आहेत. तसं नाही. २०१६ पासून एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी निघते. तिच्यासाठी नोकरी लागलेल्या पोरांचा मध्यक पगार कळवावा लागतो. संस्थांना दर्जा देणारे नॅकवाले माजी विद्यार्थ्यांनी संस्थेला दिलेली रक्कम विचारतात, तीही लाखांत. मग संस्था त्याच आकड्यांच्या मागे धावणार. जो पोरगा एमबीए करून बापाच्या टॉवेलच्या कारखान्यात बसला, त्याला ना ऑफर लेटर, ना सॅलरी स्लिप. आमच्या तक्त्यात तो ‘नोकरी न मिळालेला’. त्याच्या कारखान्यात पंचवीस माणसं पगार घेतात, पण आकड्यात तो बेकार!

आता दोन गोष्टी सांगतो, ज्यांना अहवालात जेमतेम एकेक ओळ मिळाली असती.

पहिली एका पोरीची. कुंभारीच्या रे नगरमध्ये राहते. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप झालं ना, त्यातलंच एक घर. घरी तेलुगू, आई विड्या वळते. गेल्या वर्षी मी कॉस्टिंग शिकवताना नॉर्मल लॉस म्हणजे धरून चाललेली घट आणि ॲबनॉर्मल लॉस म्हणजे अनपेक्षित घट, यातला फरक सांगत होतो. पुस्तकातलंच उदाहरण, कुठल्यातरी रसायनाच्या कारखान्याचं. वर्ग पेंगत होता. ही उठली आणि म्हणाली, “सर, पानाचं सांगू का?” तेंदूपान भिजवून ठेवतात, मग मापाने कापतात, कापताना कडा जातात, त्या जाणारच, ते सगळ्यांनी धरलेलं असतं. पण पुडक्यात आधीच किडकी पानं निघाली तर ती कुणाच्या खात्यावर? वळणारीच्या. कारण पान मोजून मिळतं आणि विड्याही मोजूनच द्याव्या लागतात. मोजून घेणाऱ्याने खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. ही सातवीपासून आईचा हिशेब वहीत मांडत होती. पान किती आलं, तंबाखू किती, विड्या किती गेल्या, किती परत आल्या. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. शाळेची दुरेघी वही, त्यात तारखेवार रकाने. बाळ्या, आपण दोघांनी दोन वर्षं कॉस्टिंग घोकलं, पण इतकी स्वच्छ कॉस्ट शीट मी कुणाची बघितली नाही. ती आता बँकेच्या परीक्षेत निवडली गेलीय. अहवालात तेवढंच येणार, ‘बँकेत निवड’. वहीसाठी रकाना नाही.

दुसरी गोष्ट जरा लांब आहे आणि तुझ्या कामाची आहे.

दोन पोरांनी उन्हाळी प्रोजेक्टसाठी अक्कलकोट रोडकडचा एक युनिफॉर्मचा कारखाना धरला. मालकाने पहिल्या दिवशी त्यांना माळ्यावर चढवलं. तिथे गठ्ठेच गठ्ठे, चॉकलेटी रंगाचे, ३६ आणि ३८ नंबरचे पिनोफ्रॉक. शाळेने रंग बदलला आणि माल अंगावर पडला. सोलापुरी चादर रंग उडाला तरी कुणीतरी पांघरेल, पण दुसऱ्या शाळेचा पिनोफ्रॉक कोण घालणार? पोरांनी आठवडाभर धूळ खाऊन सगळ्या गठ्ठ्यांची शाळावार, नंबरवार यादी केली. त्यांच्या लक्षात आलं की मोठे नंबर नेहमीच जास्त उरतात, कारण कटिंग मास्तर सगळे नंबर सारख्याच हिशेबाने कापतो आणि नववी-दहावीची पोरं जुनाच गणवेश ओढत वर्ष काढतात. एवढं नुसतं कागदावर मांडून दाखवल्यावर मालकाने मोठ्या नंबरांचं कटिंग कमी केलं.

पण खरा गुंता उधारीचा निघाला. युनिफॉर्मचा धंदा तुला माहीत आहे. कापड हिवाळ्यात घ्यायचं, शिलाई मार्च-एप्रिलपर्यंत, माल कर्नाटक-तेलंगणातल्या दुकानदाराकडे उन्हाळ्यात, विक्री जूनमध्ये शाळा उघडल्यावर आणि पैसे? गणपती, नाहीतर दिवाळी. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लिहिलंय की लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. लिहिलेलं कोण वाचतो? मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. मुदत उलटूनही ३१ मार्चला बाकी राहिली, तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरायची. आता दुकानदाराच्याच खिशाला चटका. कारखानदारांना वाटलं, देव पावला. झालं उलटंच. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानदारांचे फोन सुरू झाले. माल परत घेऊन जा, नाहीतर तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद, रद्द करा, नाहीतर आम्ही मोठ्या कंपनीकडून घेतो. या मालकालाही त्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा असा फोन आला. वडिलांपासूनचा व्यवहार, लग्नाकार्याला येणंजाणं.

आमच्या विभागातल्या एका मॅडमनी पोरांचा हा प्रोजेक्ट वाचला आणि त्यावर केस, म्हणजे वर्गात चर्चेसाठी खऱ्या धंद्यातला पेच, लिहायला घेतली. इथे प्राध्यापकांच्या भागाकडे येतो. तिथे सगळा खेळ शोधनिबंधांचा. किती छापले, कुठे छापले. मधल्या काळात पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या जर्नलांचं पेव फुटलं, म्हणून यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी आणली, आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद केली. आता बरंवाईट संस्थांनीच ठरवायचं. आमच्याकडे ठरवायची पद्धत सोपी आहे, मोजायचं! एका सहकाऱ्याने वर्षभरात इतके निबंध छापलेत की त्याने स्वतः तरी सगळे वाचलेत का, शंका आहे. मॅडमची मात्र वर्षभरात ही एकच केस. सोळा पानं, तीही मराठीत, आणि सोबत शिकवणाऱ्यासाठी टिपण. त्यासाठी त्या किती वेळा कारखान्यात जाऊन बसल्या, मालकाच्या बायकोकडून उधारीची वही कशी मिळवली, हे ऐकण्यासारखं आहे. (मालक म्हणे वही दाखवायला तयार नव्हता, बाईंनी दुपारी चहाबरोबर आणून दिली.)

बैठकीत कुणीतरी विचारलं, ही केस म्हणजे संशोधन का? मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हार्वर्डने २०१० मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर केस लिहिली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आपल्या गल्लीतल्या कारखान्यावर आपण लिहिलं की ते काय होतं?” कुणी काही बोललं नाही. आमच्या संचालकांनी पाणी मागवलं.

आता तुझ्याकडे येतो. माजी विद्यार्थ्यांच्या भागात मला बारा नावं दिलीत. सगळी माणसं चांगली, मोठ्या हुद्द्यांवरची, कुणाबद्दल तक्रार नाही. पण बाराच्या बारा जिल्ह्याबाहेर. ज्या गावात १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले, ज्यांनी पहिलं कंत्राट बार्शी लाइट रेल्वेचं घेतलं आणि पुढे जहाजं, विमानं, मोटारी सगळ्याला हात घातला, त्या गावाच्या बिझनेस स्कूलला इथे धंदा करणारा एकही माणूस अभिमानाने दाखवता येऊ नये? आपल्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का होता, एमबीएला आपण आलो तेव्हा सोलापूर विद्यापीठ नुकतंच, २००४ मध्ये, निघालेलं. उद्घाटनांच्या भाषणांत सगळे काय म्हणायचे आठवतं? एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ, जिल्ह्याच्या कामाचं विद्यापीठ. मग त्या कामाचा हिशेब कुठे मांडायचा?

तू पुण्यातली नोकरी सोडून सांगोल्याला परत गेलास, तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं की नाही, ते राहू दे. पण नंतरचं मी बघितलंय. २०२१ च्या त्या अवकाळी ओलीनंतर खोडकिडा आणि मर आली. तुमच्या भागात लोकांनी बागाच्या बागा जेसीबी लावून उपटल्या. २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून मिरवलेले लोक पाच वर्षांत सरपण विकत होते. तुझ्या शेतकरी कंपनीचे सभासद गळाले, पॅकहाउस रिकामं पडलं. तेव्हा तू काय केलंस? ज्यांच्या बागा वाचल्या होत्या त्यांच्या दारात जाऊन फवारणीच्या नोंदी लिहायला बसलास, कारण रेसिड्यूमध्ये, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशात, माल अडकला तर युरोपचं दार बंद. प्रत वेगळी, पेटी वेगळी, भाव वेगळा हे लोकांच्या गळी उतरवलंस. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, व्यापाऱ्याने तुला कधी का पैसे देईना, शेतकऱ्याचे तू आठवड्यात देतोस. त्यासाठी बँकेच्या लिमिटवर रात्र रात्र जागतोस, ते वहिनींनी मला सांगितलंय. वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायच्या पैशाचा, तो जाडजूड धडा आपण ऑप्शनला टाकला होता ना? तोच तू रोज सोडवायलास. आणि फॉर्ममध्ये रेघ मारतोस!

मी बैठकीत भांडलो. पूर्ण जिंकलो नाही. मुख्य तक्ता आहे तसाच राहणार, पॅकेजचं पान पहिलंच राहणार. पण शेवटी चार पानं मला मिळालीत, त्यात काय घालायचं ते मी ठरवायचं. एक पान त्या पोरीच्या वहीचं, वहीचा फोटोच छापणार आहे, तिने आईला विचारून परवानगी दिलीय. एक युनिफॉर्मच्या प्रोजेक्टचं. एक मॅडमच्या केसचं. उरलेल्या पानावर इथेच राहून धंदा करणारे आपल्या संस्थेचे लोक. टॉवेलवाले दोघे आहेत, शेंगा चटणीचं युनिट चालवणारी आपली ज्युनिअर आहे आणि तू. मला मोठेपणाचं काही नको. शेतकऱ्याचे पैसे किती दिवसांत देतोस, व्यापाऱ्याकडून किती दिवसांत येतात, मधलं अंतर कशाने भरतोस, एवढं दहा ओळींत लिही. आकडे खरे लिही, वाईट असले तरी. खरं सांगायचं तर वाईट असतील तर जास्तच बरं, पोरांना उपयोग होईल.

आणि नुसतं लिहून सुटका नाही. फेब्रुवारीत दुसऱ्या शनिवारी मॅडमची ती केस पहिल्यांदा वर्गात चालणार आहे. जुन्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, मालक फोन हातात धरून उभा, तिथे केस संपते. ४५ दिवसांवर अडून बसायचं की संबंध सांभाळायचा, हे पोरांनी ठरवायचं, भांडायचं. कारखान्याचा मालक येणार आहे, मागच्या बाकावर गप्प बसणार आहे. तू पण यायचंस. सकाळी दहाला तास आहे, तेव्हा साडेसातला तरी निघ, मंगळवेढ्यात चहाला थांबू नकोस, तुझा चहा तासभर चालतो.

मालकाशी तुझी आधीच ओळख आहे हे मला कळलंय, म्हणून मॅडमनी एक अट घातलीय. त्याने शेवटी त्या गिऱ्हाइकाला काय उत्तर दिलं, ते तुला माहीत असलं तरी तास संपेपर्यंत पोरांसमोर तोंड उघडायचं नाही.

तात्यांना आणि वहिनींना नमस्कार. धाकटीचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय ते कळव.

तुझा,
राजा