विमानतळ ते ऑफिस : वेळ दारापासून दारापर्यंत मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विमानतळाकडे जाणारा नवा रस्ता किंवा नवी मेट्रो सुरू झाली की बातमीत एकच आकडा ठळक येतो, अमुक मिनिटांत शहरात. हे वाचलं की खरंच चीड येते. तो आकडा एकतर रिकाम्या रस्त्याचा असतो नाहीतर स्टेशन ते स्टेशन, आणि सकाळी नऊला उतरून साडेदहाची मीटिंग गाठायची असेल त्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

बेल्टवर बॅग यायला किती वेळ लागेल ते कुणाच्या हातात नाही. मग टॅक्सीची लाइन, किंवा अ‍ॅपवरून गाडी बोलावली असेल तर पार्किंगच्या कुठल्यातरी मजल्यावर बॅगा ओढत जायचं, तिथे मोबाइलवर गाडी दोन मिनिटांवर दिसते आणि जागची हलत नाही, मग ड्रायव्हरचा फोन येतो, कुठे जायचंय, ऑफिसच्या गर्दीचा एरिया ऐकला की राइड कॅन्सल. हे सगळं उरकून रस्त्याला लागावं तर गर्दीच्या वेळी रस्ता आधीच काठोकाठ भरलेला असतो, एक टेम्पो बंद पडला की मागे पार लांबपर्यंत रांग, त्यामुळे तोच रस्ता आज पाऊण तास खातो आणि उद्या दीड. दीड तास लागतो हे आधी पक्कं माहीत असतं तर माणसाने तशी मीटिंग ठेवली असती ना, जीव जातो तो अंदाजच लागत नाही म्हणून. परत जाताना तर आणखी वाईट, फ्लाइट चुकेल या धास्तीने लोक कामातून अर्ध्यावर उठून निघतात. त्यावर फ्लायओव्हर बांधला तरी तो जिथे खाली उतरतो त्या सिग्नलला परत तीच कोंडी.

म्हणून रेल्वे हवीच. पण ती कुठे जाऊन संपते ते आधी बघा. शांघाय विमानतळाची मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणारी रेल्वे, ३० किलोमीटर अंतर सात-आठ मिनिटांत कापते, जगभर कौतुक झालं, पण ती थांबते लाँगयांग रोडला आणि तिथून ऑफिसांच्या भागात जायला बॅगेसकट पुन्हा मेट्रो धरायची. लंडनलाही हेच, १९९८ ला सुरू झालेली हीथ्रो विमानतळाची हीथ्रो एक्सप्रेस १५ मिनिटांत पॅडिंग्टन स्टेशनला सोडते पण बँका आणि मोठी ऑफिसं आहेत पार शहराच्या दुसऱ्या बाजूला, २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे आली तेव्हा कुठे हीथ्रोहून लिव्हरपूल स्ट्रीट आणि कॅनरी व्हार्फ या ऑफिसांच्या भागांत गाडी न बदलता जाता यायला लागलं. वेगाने ती हीथ्रो एक्सप्रेसच्या मागेच आहे, तरी ऑफिसला जाणाऱ्याला हीच सोयीची. हाँगकाँगने मात्र १९९८ लाच नवा विमानतळ आणि एअरपोर्ट एक्सप्रेस बरोबरच उघडले, शेवटचं स्टेशन थेट बिझनेस एरियात, २४ मिनिटं, आणि परतीच्या दिवशी स्टेशनवरच बॅग चेक-इन करून मोकळ्या हाताने कामाला जायची सोय.

तिकिटाचंही बोललंच पाहिजे. कॅनडात टोरांटो विमानतळाची यूपी (युनियन-पीअरसन) एक्सप्रेस रेल्वे २०१५ ला सुरू झाली, २५ मिनिटांत युनियन स्टेशन म्हणजे ऑफिसांच्या मधोमध, सगळं छान होतं पण तिकीट साडेसत्तावीस कॅनेडियन डॉलर, डबे रिकामे धावले. २०१६ मध्ये ते १२ डॉलरवर आणलं आणि प्रवासी झपाट्याने वाढले. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. विमानतळावर काम करणारी माणसं, सिक्युरिटी, लोडर, सफाईवाले, काउंटरवरच्या मुली, रोज जातात येतात ती, त्यांना परवडेल असं तिकीट ठेवलं तर गाड्या आपोआप भरतील, सूटबूटवाल्यांच्या भरवशावर कुठलीच लाइन चालत नाही.

आणि बॅगेचं बघा हो कुणीतरी! स्टेशनवर लिफ्ट असते पण प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, रुंद गेट एकच आणि तेही बऱ्याचदा बंद, मग साध्या गेटमधून मोठी बॅग आधी ढकलायची, मागून आपण जाईपर्यंत फ्लॅप मिटतात आणि मागची सगळी लाइन ओरडते. ऑफिसच्या गर्दीत डब्यात चढणं तर विसराच, सामान ठेवायला वीतभर जागा नसते. एका डब्यातल्या चार सीट काढून तिथे रॅक बसवायला काय मोठं लागतं?

रेल्वे व्हायला वर्षं जातात हे मान्य, तोपर्यंत निदान गर्दीच्या तासांना एअरपोर्ट बससाठी वेगळी लेन द्या. बस बाकीच्या गाड्यांबरोबर त्याच ट्रॅफिकमध्ये अडकून राहणार असेल तर टॅक्सी सोडून बसमध्ये कोण बसेल?

आपल्या बातमीदारांना विनंती आहे, पुढच्या वेळी कुणी पत्रकार परिषदेत अमुक मिनिटांत शहरात असं सांगितलं तर लगेच विचारा, सोमवारी सकाळी नऊला, बॅगेसकट, बेल्टपासून ऑफिसच्या दारापर्यंत किती? आणि सगळ्यात वाईट दिवशी किती? दोन्ही आकडे मिळाले तर दोन्ही छापा, आणि सांगता आले नाहीत तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक