चहा दाराबाहेर, पुस्तक आत

चि. मनीषा हिस,
अनेक आशीर्वाद.

धुळ्याच्या वाचनालयात अख्खा दिवस काढायचा, सोबत थर्मास न्यायचा, हा तुझा बेत फार आवडला. फक्त चहा आत नेऊ नकोस, बेटा. पाणी सांडलं तर वाळतं, चहा वाळला तरी साखर आणि दूध कागदातच राहतं. त्यावर मुंग्या येतात, झुरळं येतात. जुनी बांधणी मैद्याच्या खळीची असते, ती कसरीला, म्हणजे पुस्तकं खाणाऱ्या किड्याला, आयतीच. म्हणून तर जाणते बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, ते किड्याला विष.

अर्ध्या लिटरच्या थर्मासला साडेतीनशे मिली पाणी आणि दोनशे मिली दूध पुरतं. आलं कच्चं दुधात पडलं की दूध फाटतं, म्हणून ते ठेचून आधी पाण्यात तीन-चार मिनिटं खळखळू दे. मग तीन चमचे पावडर, साखर, आणि दोन मिनिटांनी वेगळं तापवलेलं दूध. एक उकळी आली की लगेच गाळ. पत्ती आत राहिली तर दुपारपर्यंत चहा तुरट होतो. थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं भरून ठेव, आणि चहा गळ्यापर्यंत भर. अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. दुधाचा चहा चार तासांत संपव. मे महिन्यात तर मी कोरा गवती चहाच नेईन, लिंबू कपात पिळायचं.

वाचनालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून ठेव. बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात, तीच तुझी भाकरीची आणि चहाची वेळ. शेंगदाण्याची चटणी खाल्लीस तर हात साबणाने धू आणि पूर्ण कोरडे कर. तेलाचा डाग पानातून निघत नाही.

कपाटं बंद असतील तर चिठ्ठीवर लेखक, नाव आणि वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा आकडा, लिहून द्यावा लागतो. हे आकडे देण्याच्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कविता ८९१.४६१, आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई तिथेच सापडतील. टिंबानंतरचे आकडे एकेक करून वाचायचे, म्हणजे ८९१.४६०९ आधी येतो, ८९१.४६१ नंतर. इथे नवखी माणसं हमखास चुकतात आणि पुस्तक नाहीच म्हणून परत जातात. काढलेलं पुस्तक स्वतः कपाटात लावू नकोस, टेबलावरच ठेव. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच.

तुझा विषय इतिहास, म्हणून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे जुने खंड मागशीलच. पहिला खंड १८९८ चा. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्या काळचा छापील कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा, त्यात तुरटी; तिचं आम्ल होतं आणि पान कोपऱ्यातून तुटतं. त्याहून जुना हातकागद, आपल्या एरंडोललाही तो बनायचा, चिंध्यांचा असल्याने आजही दुमडतो. छापील खंड मात्र सपाट उघडू नकोस. दोन्ही बाजूंना जाड पुस्तकं लाव, पुठ्ठे त्यांवर टेकू देत. पान वरच्या कोपऱ्याखाली बोट सरकवून उलट, थुंकी लावून नव्हे. खुणेला कागदाची पातळ पट्टी, टिपणाला शिसपेन्सिल. फाटलं दिसलं तर चिकटपट्टी लावू नकोस, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते, ग्रंथपालांना दाखव.

आणि बाटलीतलं पाणी सांडलंच, तर लपवू नकोस, ताबडतोब सांग. उन्हात ठेवलं की पानं वाकडी होतात. भिजलेल्या पानांत टिपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवायचं, टिपकागद ओला झाला की बदलायचा. दोन दिवस ओलं राहिलं की बुरशी धरते. गुळगुळीत कागदाचं चित्रांचं पुस्तक असेल तर त्याहून घाई कर, ती पानं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि मग सुटतच नाहीत.

संध्याकाळी थर्मास धुऊन झाकण उघडं ठेव, रबराची चकती काढून वेगळी वाळव. वास तिथेच धरतो.

तुझे नाना