दाढेचं स्टिकर पेशंटच्या हातात द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशात राहणारी माणसं दातांच्या ट्रीटमेंटसाठी भारतात येतात, आपल्या नाशकातही येतात, अशी बातमी तुमच्या पेपरात वाचली. खर्चातला फरक, कॉलेज रोड गंगापूर रोडवरची नवी क्लिनिक्स, सगळं बरोबरच आहे. पण आमच्या घरात हे सगळं घडून गेलंय आणि जे बातमीत आलं नाही ते लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते, २० वर्षं झाली. तिची खालची डाव्या बाजूची दाढ तडकली म्हणून तिकडेच काढावी लागली. तिथे इम्प्लांट, म्हणजे काढलेल्या दाढेच्या जागी जबड्यात बसवायचा स्क्रू, आणि त्यावरची दाताच्या आकाराची कॅप मिळून साडेचार हजार डॉलर सांगितले. डेंटल इन्शुरन्स आहे तिचा, पण तो वर्षाला दीड हजार डॉलरच्या वर देत नाही आणि तिच्या पॉलिसीत इम्प्लांट धरतच नाहीत. आपल्याकडे लोक पटकन म्हणतात, डॉलरमध्ये कमावतात आणि दातासाठी इकडे येतात, कंजूष कुठले! तसं नाहीये हो. अमेरिकेत ६५ नंतर जी मेडिकेअर नावाची सरकारी आरोग्य विमा योजना मिळते त्या मूळ योजनेत दातांचं नेहमीचं काम बसत नाही, म्हणून तिकडची रिटायर माणसं मेक्सिकोत जातात. ॲरिझोनाच्या युमा शहराजवळ बॉर्डरच्या पलीकडे लॉस अल्गोडोनेस नावाचं गाव आहे, छोटंसं, पण गल्लीगल्लीत डेंटिस्ट, त्याला मोलर सिटी म्हणजे दाढांचं गावच म्हणतात, लोक गाडी अलीकडे लावतात आणि चालत जाऊन कॅप बसवून येतात. ऑस्ट्रियातले लोक हंगेरीत जातात, आणि इंग्लंडमध्ये एनएचएसचा म्हणजे सरकारी आरोग्य सेवेचा डेंटिस्ट मिळता मिळत नाही म्हणून तिथले तुर्कस्तानला जातात. म्हणजे ही गरज आहे, हौस नाही. माहेरी येऊन दात करून घेतला तर त्यात कुणी नाव ठेवावं असं काहीच नाही.

तर बहीण डिसेंबरमध्ये आली, भाच्याचं लग्न होतं, सुट्टी २४ दिवसांची. इथे एका क्लिनिकमध्ये दाखवलं (नाव लिहीत नाही, डॉक्टरांचा हात चांगला आहे आणि माझं भांडण त्यांच्या हाताशी नाहीच), ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला, ३८ हजार सांगितले, तिला तर हायसंच वाटलं. चौथ्या दिवशी इम्प्लांट बसलं, लग्नाच्या धावपळीत माप घेतलं आणि विसाव्या दिवशी कॅप लागून मोकळी. आम्ही सगळे खूश.

आता जे मला तेव्हा कळलं नाही आणि आज प्रत्येकाला कळावं असं वाटतं ते सांगते. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, तो जबड्याच्या हाडात बसवतात आणि हाड हळूहळू त्याला धरून घेतं. स्वीडनचे ब्रोनेमार्क म्हणून डॉक्टर होते, हाड टायटॅनियमला असं घट्ट धरतं हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला अशी इम्प्लांट्स बसवली. हे धरून घ्यायला खालच्या जबड्यात साधारण ३ महिने लागतात आणि वरच्या जबड्यात हाड मऊ असतं म्हणून ६ महिन्यांपर्यंत. काही पेशंटना लगेच कॅप देता येते हे खरं आहे, पण ते हाड बघून, चावताना किती जोर येतो ते बघून डॉक्टरांनी ठरवायचं असतं, रिटर्न तिकिटाची तारीख बघून नाही. शुगर वाढलेली असेल किंवा तंबाखू सिगारेट चालू असेल तर अजूनच जपायला लागतं. आम्ही मात्र क्लिनिकमध्ये गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोललो होतो की डॉक्टर, अमुक तारखेला फ्लाइट आहे, त्याच्या आत सगळं उरका.

मे महिन्यात तिचा फोन आला, ताई, दाढ हलतेय. माझ्या तर पोटात गोळाच आला. तिथल्या डॉक्टरने एक्स-रे काढून सांगितलं की हाडाने स्क्रू छान धरलाय, फक्त कॅप खालची बारीक स्क्रू ढिली झालीय, दहा मिनिटांचं काम, पण इम्प्लांट कोणत्या कंपनीचं ते सांगा, कारण बऱ्याच कंपन्यांची स्क्रू वेगळी, ती फिरवायची चावी वेगळी, चुकीची चावी लावली तर आतले आटे जातात. बहिणीने बिल काढलं. बिलावर काय, तर "इम्प्लांट विथ कॅप, ३८,०००". बस. कंपनी नाही, साइज नाही, काही नाही.

मग माझ्या चकरा सुरू. इंदिरानगरहून बस बदलून क्लिनिकला चार वेळा गेले. पहिल्या वेळी डॉक्टर बाहेर, दुसऱ्या वेळी रिसेप्शनवरची मुलगी नवी, तिसऱ्या वेळी कॉम्प्युटरवर नाव होतं पण पुढे फक्त पैसे जमा. चौथ्या वेळी जुनी असिस्टंट भेटली, ती बिचारी म्हणाली काकू थांबा, आणि आतून स्टॉकचा लांब रजिस्टर घेऊन आली, निळं कव्हर, कडा फाटलेल्या. डिसेंबरचं पान उघडलं तर तिथे रांगेने बोटाच्या पेराएवढी पांढरी स्टिकरं चिकटवलेली, त्यावर कंपनी, लॉट नंबर, साइज, आणि एकाच्या शेजारी पेन्सिलने बहिणीचं आडनाव. साइज ४.२ बाय १० मिलिमीटर. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरं सांगते. फोटो काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला, दोन दिवसांत तिकडे ती स्क्रू घट्ट बसली.

ही स्टिकरं इम्प्लांटच्या डबीतच येतात हो. पेशंटच्या कागदावर लावायलाच दिलेली असतात. युरोपात मेडिकल डिव्हाइसचा नवा कायदा मे २०२१ पासून लागू झाला, त्यात इम्प्लांटचं कार्ड पेशंटला द्यावंच लागतं. आपल्याकडे ते रजिस्टरमध्ये चिकटतं आणि पेशंट ते न बघताच बारा हजार किलोमीटर निघून जातो. पत्र लिहायचं मुख्य कारण हेच आहे. स्वस्त दात करून द्यायचा तर त्याचा कागदही द्यायला पाहिजे, कारण परदेशातून आलेला पेशंट दुखलं म्हणून उद्या परत क्लिनिकची पायरी चढू शकत नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, म्हसरूळला, राज्यभरातली बहुतेक डेंटल कॉलेजं त्यांच्याकडेच जोडलेली. त्यांनी आणि राज्याच्या डेंटल कौन्सिलने मिळून एक साधं पान ठरवून द्यावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. इम्प्लांटचं स्टिकर, कॅप कशाची, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, रूट कॅनल केलं असेल तर कोणत्या दाताचं, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे. आणि हे फक्त एनआरआय लोकांसाठी नको, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची कवळी पंचवटीतल्या डेंटल कॉलेजला झाली, कमी खर्चात आणि नीट झाली, त्यांनाही त्यांचा कागद मिळायला पाहिजे.

येणाऱ्यांना पण एक सांगते. सगळे दात एका सुट्टीत पांढरे शुभ्र करून देतो असं कुणी म्हटलं तर चांगले दात घासून बारीक करणार का ते आधी विचारा. घासलेला दात परत वाढत नाही, त्यावर जन्मभर कॅपच लागते आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते. तुर्कस्तानात असं करून आलेल्या तरुण मुलांबद्दल इंग्लंडच्या डेंटिस्ट लोकांनी कितीदा काळजी बोलून दाखवलीय.

बहीण दिवाळीत येतेय, वरची एक दाढ करायची आहे. या वेळी आधीच ठरवलंय, दिवाळीत फक्त स्क्रू, आणि कॅप मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत, दोन तिकिटांचा खर्च धरूनही तिकडच्यापेक्षा कमीच पडतो कारण ती आईला भेटायला तशीही दोनदा येतेच. क्लिनिक तेच. डॉक्टरांना फोनवर सांगून ठेवलंय की स्टिकर दोन लागतील, एक तिच्या पर्समध्ये आणि एक माझ्या कपाटात.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक