आजव्याच्या आधीचं पाणी

मा. संपादक,

पावसाळा लागला की आजवा तलावाची पातळी किती फुटांवर गेली ही बातमी रावपुरा-दांडिया बाजारातली आम्ही मंडळी सगळ्यात आधी वाचतो. सयाजीराव महाराजांनी १८९२ साली तो तलाव पुरा करून बडोद्याला नळाचं पाणी दिलं, ते ऋण कोण विसरेल? पण शहराच्या पाण्याची गोष्ट आपण तिथूनच सांगायला घेतो, हे मला फार खटकतं.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, १४०५ सालची. तसा शिलालेखच तिथे आहे. तेव्हा जफरखान गुजरातचा सुभेदार होता, सुलतान व्हायचा होता. लहरीपुरा, चांपानेर दरवाजा यांना आपण जुनं बडोदं म्हणतो, पण ती तटबंदी सोळाव्या शतकातली. म्हणजे भिंतीच्या आत गाव वसलं त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधी इथे पाण्याची पक्की सोय झाली होती. गायकवाडांनी बडोदं कायमचं घेतलं ते तर १७३४ साली.

या बांधणीमागची अक्कल मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. आपली जमीन गाळाची, भुसभुशीत. खोल खणलं की दोन्ही अंगांनी माती आत ढकलू लागते. म्हणून पायऱ्यांच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने खांब आणि आडव्या तुळया घालून भिंती तोलून धरल्या. ते मजले नुसते शोभेचे नव्हेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माणसंही चार पायऱ्या जास्त उतरत आणि हंडा भरून आणत. वर कडक ऊन असलं तरी खाली गारवा, त्यामुळे वाटसरूही टेकत.

अशा पाणवठ्यांवर सर्वांना सारखं पाणी मिळे, असं मात्र कुणी सांगू नये. आपल्याकडे कित्येकांना काठावर ताटकळत उभं राहून दुसऱ्याने वरून ओतलेल्या पाण्यावर भागवावं लागे. इतिहास सांगायचा तर हेही सांगायलाच हवं.

शेवासीची वाव १५४३ सालची, शहरापासून हाकेच्या अंतरावर. सिंधरोटला जाताना किती बडोदेकर तिथे गाडी थांबवतात?

माझी मागणी साधी आहे. महानगरपालिकेने राजवाड्याच्या मालकांशी बोलून ठरावीक दिवशी शाळांच्या मुलांना नवलखी वाव दाखवण्याची सोय करावी. दोन्ही ठिकाणी गुजराती, मराठी आणि हिंदीत माहितीफलक लावावेत. जुन्या पोळांतल्या (गल्लीवस्त्यांतल्या) आणि वाड्यांतल्या ज्या विहिरी अजून बुजवलेल्या नाहीत, त्यांची मोजदाद व्हावी. त्यांतला गाळ येत्या मे महिन्याच्या आत निघाला, तर गच्चीवरचं पावसाचं पाणी यंदाच त्यांत सोडता येईल.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा