पाठ फिरवलीत, म्हणून

मावशी,

फोनवर आभार मानायला गेले तेव्हा तुम्ही "बरं, बरं" म्हणालात आणि लगेच पाखरांवर गेलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

पाठ फिरवणं ही काही चांगली गोष्ट मानत नाहीत. गरजेच्या वेळी ज्यानं पाठ फिरवली तो माणूस जन्मभर लक्षात राहतो. तुम्हीही राहाल. फक्त तुमच्या पाठ फिरवण्यानं आमचं लग्न झालं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्हाला लग्न दोघांतच करायचं होतं. 'पळून जाऊन केलं' म्हटलं की घरून विरोध असणार असं लोक धरून चालतात. विरोध कुणाचाच नव्हता. माझा नवरा बोलताना अडखळतो, लहानपणापासून. ठरावीक अक्षरांवर शब्द अडतो, गळ्याची शीर ताठ होते, डोळे मिटतात, आणि तेवढ्यात समोरचा माणूस तो शब्द स्वतःच बोलून मोकळा होतो. शाळेत, मुलाखतीत, फोनवर, सगळीकडे त्याचे शब्द दुसऱ्यांनी पूर्ण केलेत. एकटा असला की मात्र तो बराच सुरळीत बोलतो. अडखळणाऱ्या पुष्कळांचं असंच असतं. लग्नाच्या दिवशी मला जे सांगायचं ते शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतः सांगायचं, एवढीच त्याची इच्छा होती. कागदावरच्या सह्या वेगळ्या, त्या होऊन जातात. हे बोलणं म्हणजे त्याच्या लेखी लग्न होतं. त्यासाठी माणसं नकोत, माइक नको, भिंतीसुद्धा नकोत, असं आमचं ठरलं.

मागणी साधी होती. तरी लग्नं ठरवून देणाऱ्या तिघांना ती कळली नाही. पहिल्यानं "दोघंच? मग करायचं काय त्यात?" म्हणून वही मिटली. दुसरीनं उपाय सुचवला, की त्याचं बोलणं आधी रेकॉर्ड करू, अडलेलं कापून टाकू आणि त्या वेळी स्पीकरवर लावू. तो समोरच बसला होता. घरी पोचेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तिसऱ्यानं आगाऊ पैसे घेतले आणि 'संपूर्ण एकांत' म्हणून एका कड्यावर नेलं, भर दुपारी. सूर्य डोक्यावर, प्रत्येकाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या, आमच्या पुढे तीन जोडपी रांगेत आणि वर ड्रोनची घरघर. "तुमचा नंबर आला की दहा मिनिटं फक्त तुमची," असं तो अभिमानानं सांगत होता. आम्ही रांग सोडून खाली उतरलो. उतरताना हा म्हणाला, "राहू दे. मी लिहून देतो, तू वाच." पैसे गेल्याचं मी केव्हाच विसरले. ते वाक्य अजून विसरलेली नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही भेटलात. समुद्रावर तिपाईवर दुर्बीण लावून तुम्ही पाणपक्षी मोजत होतात. मी विचारलं, इथे पहाटे गर्दी असते का? तुम्ही डोळा न काढता म्हणालात, "थांब, एवढा थवा होऊ दे." आम्ही थांबलो. मोजणी झाली, आकडा वहीत उतरला, मग तुम्ही वळलात आणि आमचं काय ते ऐकून घेतलंत. बाकी सगळ्यांनी पाहुणे किती, असं विचारलं होतं. तुम्ही विचारलंत, "बोलणार कोण कोण?" तो उत्तर द्यायला गेला आणि पहिल्याच अक्षरावर अडला. तुम्ही शब्द पुरवला नाही, समजुतीनं मान हलवली नाही, त्याच्या ओठांकडे टक लावून पाहिलंही नाही. तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात, पाखराचा पुढचा पाय पडायची वाट बघत राहावं तशा. त्याला वाक्य पुरं करायला जितका वेळ लागला तितका लागला. मला तिथेच वाटलं, जागा मिळाली.

आमच्या डोक्यात तेव्हा फोटोंत पाहिलेल्या जागा होत्या. आइसलँडमधला शेवाळानं मऊ झालेला लाव्हा. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान, दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठं, पावसाळ्यात पाण्याचा पातळ थर साचला की आभाळाचा आरसा होतं ते. आणि त्याच्या खास आवडीचं, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीमधलं कोरडं तळं, जिथे दगड आपोआप सरकतात. ते कसे सरकतात हे त्यानं तुम्हाला सांगितलं, अडखळत, पण पूर्ण: रात्री साचलेल्या उथळ पाण्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, ऊन आलं की तो फुटतो आणि हलक्या वाऱ्यानं त्याचे तुकडे दगडांना ढकलत नेतात. २०१३ च्या हिवाळ्यात संशोधकांनी ते प्रत्यक्ष पाहिलं. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "त्या तळ्यात ओल्या मातीवर पाय पडला तर ठसा वर्षानुवर्षं राहतो. लाव्ह्यावरचं शेवाळ तुडवलं तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. तुमच्या एका सकाळीसाठी त्या जागेला एवढं का सोसायला लावायचं? जी जागा तुम्हाला पुसून टाकू शकते, तिथे करा."

मग तुम्ही समोर बोट दाखवलंत. समोर तर नुसतं पाणी होतं.

त्या पाण्याखाली वाळूचा लांब दांडा आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या एकदोन दिवसांत उधाण असतं. भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खोल जाते, आणि फक्त त्या दिवसांत तो दांडा पूर्ण उघडा पडतो. रोजची ओहोटी आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, पण एका ठिकाणची उधाणाची ओहोटी दर वेळी जवळपास त्याच सुमाराला येते. त्या किनाऱ्यावर तो सुमार पहाटेचा. "तास-दीड तासाची जमीन आहे," तुम्ही म्हणालात. "नंतर ती कुणाचीच नाही. आणि आरशाचं म्हणाल तर पाणी नुकतं उतरलेली वाळूही आरसाच असते, त्यासाठी बोलिव्हियाला कशाला जायला हवं?"

अटी मात्र तुम्ही कडक घातल्यात. पाकळ्या उधळायच्या नाहीत, फुगे नाहीत, उडून जाईल असं काहीही नाही. दांड्याच्या टोकाला पाखरं बसतात, तिकडे जायचं नाही. याचं कारण तुम्ही सांगितलंत ते मी तेव्हापासून निदान वीस जणांना सांगितलंय: २०२२ मध्ये गॉडविट जातीचं एक पाखरू, जेमतेम काही महिन्यांचं पिल्लू, अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडत गेलं, कुठेही न उतरता. असल्या पाखरांना किनाऱ्यावर विसावा आणि पोटाला मिळतं, त्यावर पुढचा प्रवास असतो. आपण हौसेनं धावत गेलो की ती उठतात आणि साठवलेली ताकद फुकट जाते. फोटोसाठी थवे उडवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

अमावास्येनंतरच्या दुसऱ्या पहाटे आम्ही आलो. सूर्य उगवायला अर्धा तास होता. त्या वेळचा उजेड मी आधी कधी नीट पाहिलाच नव्हता. सावली कशाचीच पडत नाही आणि दिसतं मात्र सगळं. मधल्या ओहोळात घोट्याएवढं पाणी होतं, ते ओलांडून दांड्यावर गेलो. तुम्ही परत ओहोळाकडे आलात आणि काठावर तुमची काठी रोवलीत. "पाणी समुद्राकडून चढताना दिसेल असं वाटतं," तुम्ही सांगितलंत, "पण आधी मागचा हा ओहोळ भरतो. लोक समोर बघत राहतात आणि मागची वाट बुडते. ते मी बघते. तुम्ही एकमेकांकडे बघा."

त्याने विचारलं, किती वेळ आहे? 'वेळ' म्हणायलाच त्याला वेळ लागला. तुम्ही बारा हिश्श्यांचा हिशोब सांगितलात. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी चढतं ते पहिल्या तासात बारातला एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन, एक. म्हणजे सुरुवातीला पाणी रेंगाळतं. "रेंगाळणारा सगळा वेळ तुझा," तुम्ही म्हणालात. "मी भरपूर धरलाय. निघायचं झालं की हात वर करीन, हाक मारणार नाही."

आणि मग तुम्ही गेलात. आधी डावीकडे गेलात, तिथे वाकून वाळूवरचं एक पीस उचललंत, बोटांतून सोडलंत, ते कुठे जातं ते पाहिलंत, आणि पुन्हा चालत थेट उजवीकडे लांब गेलात. मला वाटलं, एवढ्या सकाळीसुद्धा हिचं पाखरांचंच चाललंय. तिथे तुम्ही आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिलात.

तो बोलला. अडखळला, पुष्कळ. माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर तर इतका थांबला की पायाखालची वाळू कोरडी होत फिकी पडली आणि पुन्हा ओली गडद झाली, एवढं मला दिसत राहिलं. पण कुणी मध्ये आलं नाही. त्याने डोळे मिटले नाहीत. तो काय बोलला ते इथे लिहिणार नाही, ते माझं आहे. सगळं बोलला आणि शेवटचा शब्दही त्याचाच होता, एवढं सांगते. मी माझं बोलले. सूर्य वर आला तेव्हा आमच्या लांबच लांब सावल्या ओल्या वाळूवरून समुद्रापासून पार ओहोळापर्यंत पडल्या होत्या. थोड्या वेळानं तुमचा हात वर गेला. तुम्ही तेव्हाही वळून पाहिलं नाहीत. आम्ही तुमच्याजवळ पोचलो तेव्हा कुठे वळलात, आमच्या तोंडांकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "चला, चपला हातात घ्या."

मावशी, तुमचं आमचं नातं काही नाही. तुम्ही काही घेतलं नाहीत, फोटोत आला नाहीत, नंतर कुणाला ही हकीकत सांगितल्याचंही कानावर नाही. ज्यांचा हा धंदाच आहे त्यांना दोन माणसांची एक साधी अडचण ऐकून घेता आली नाही, आणि ज्या बाईचं काम पाखरं मोजण्याचं, तिनं ती न सांगता ओळखली. चांगुलपणा असा कामात मुरलेला असतो बहुधा. जो पाखरांपासून किती लांब उभं राहायचं हे शिकला, त्याला माणसांपासूनही किती लांब उभं राहायचं ते कळतं. मी हे शिकायचा प्रयत्न करते आहे. परवा बँकेत एक मुलगा काउंटरवर अडखळत होता आणि माझ्यासकट रांगेतलं कुणीच काही बोललं नाही. त्यानं त्याचं काम स्वतः सांगितलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. फोन आम्ही छोट्या तिपाईवर ठेवला होता, दर थोड्या वेळानं तो आपोआप फोटो काढत होता. बहुतेक फोटोंत आम्ही अर्धवटच आहोत. गेल्या रविवारी ते मोठे करून बघत होतो, आणि एकात मागे, लांबवर, तुम्ही सापडलात. अंगठ्याच्या नखाएवढ्या. पाठमोऱ्या. आणि तुमच्या मफलरचं टोक तुमच्या खांद्यावरून सरळ आमच्या दिशेनं उडतंय.

ते पीस कशासाठी सोडलंत ते मला तेव्हा कळलं. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. डावीकडच्या जागेवर थांबला असतात तर आमचं बोलणं तुमच्यापर्यंत आलं असतं. वाऱ्याविरुद्ध आवाज पोचत नाही, तो वर उचलला जातो. ऐकू येणार नाही अशी जागा तुम्ही शोधत होतात. नुसती पाठ फिरवून भागलं असतं, आम्हाला तेवढंही पुरलं असतं.

मी तो फोटो त्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग "मावशी" म्हणाला. म वर अडला. मी थांबले.

तुमची,
ओहोळापलीकडची